खरेदीखत झालं, आता सातबाऱ्यावर नाव कधी? पहिल्यांदा जमीन घेणाऱ्यांसाठी

तलाठी कार्यालयाच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपाच्या वर वहीचं एक पान चिकटवलेलं, त्यावर निळ्या पेनाने तीन गावांची नावं आणि प्रत्येकासमोर वार लिहिलेला. आमच्या गावाचा वार गुरुवार होता आणि मी रजा टाकून गेलो होतो मंगळवारी. शेजारच्या टपरीवाल्याने सांगितलं की तलाठी भाऊसाहेबांकडे तीन सजांचा (सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं) चार्ज आहे, गुरुवारी पण सकाळीच या, दुपारी तहसीलला मीटिंग असते. गुरुवारी गेलो तर बाहेर तीस-पस्तीस माणसं, आत एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक माणूस जो खरंच मान वर न करता काम करत होता. त्या दिवशी त्याच्यावर राग काढावा असं मला वाटलं नाही.

एक एकर जमिनीच्या त्या व्यवहारात मला जे कळलं ते पहिल्यांदा जमीन घेणाऱ्याला आधीच कळावं म्हणून हे लिहितोय. मुख्य गोष्ट एकच आहे, माणसं कमी असलेल्या ऑफिसात तुमचं प्रकरण एकदा त्रुटी काढून परत आलं की ते रांगेच्या शेवटी जातं. पहिल्या रांगेत जेवढे दिवस गेले तेवढे पुन्हा जातात. म्हणून प्रकरण परत येणार नाही याची तयारी आधी करायची आणि लागणारा वेळ करारात आधीच धरून ठेवायचा.

अडतं नेमकं कुठे

नवीन माणसाला वाटतं की रजिस्ट्री झाली म्हणजे सगळं झालं. तसं नाहीये. व्यवहार चार ठिकाणांहून फिरतो. गावचा तलाठी (२०२४ पासून पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात), त्याच्या वरचा मंडळ अधिकारी म्हणजे सर्कल, तालुक्याचं भूमि अभिलेख कार्यालय जिथून मोजणी होते, आणि दुय्यम निबंधक जिथे दस्त नोंदतो. यातल्या एकाकडे जरी जागा रिकामी असेल तर तिथला चार्ज शेजारच्याकडे जातो आणि मग एक माणूस दोन-तीन माणसांचं काम करतो. २०२३ साली सरकारने तलाठ्यांच्या ४६४४ पदांची भरती काढली तेव्हा दहा लाखांवर अर्ज आले होते, म्हणजे काम करायला माणसं आहेत, जागा भरायलाच वर्षानुवर्षं लागतात आणि तोवर गावं चार्जवर चालतात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं, कारण शेतकऱ्याच्या घरातली सगळ्यात मोठी देवाणघेवाण या एका टेबलावर अडकलेली असते.

शिवाय तलाठ्याला फक्त फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदी बदलणं, एवढंच काम नसतं. अतिवृष्टी झाली की पंचनामे, निवडणूक आली की मतदारयादी आणि बूथ, मार्चमध्ये वसुली, अनुदानाच्या याद्या, पीक पाहणी. त्यामुळे तुमचा व्यवहार निवडणुकीच्या किंवा पंचनाम्यांच्या महिन्यात येत असेल तर मनात धरलेल्या मुदतीत सरळ दोन महिने वाढवा.

विसार (आगाऊ रक्कम) द्यायच्या आधी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, खरं तर निम्मं काम इथेच होतं.

सातबारा आणि आठ अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा. नुसता बघायचा असेल तर महाभूलेखवर फुकट दिसतो पण व्यवहाराला डिजिटल सहीचा घ्या, १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यावर पहिल्यांदा बघायचं की मालक म्हणून ज्यांची नावं आहेत ती माणसं जिवंत आहेत का. हसू नका, आपल्याकडे वडील वारून दहा वर्षं झाली तरी सातबारा वडिलांच्याच नावावर असतो. सरकारने यासाठीच २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम राज्यभर घेतली होती, तरी अजून ठिकठिकाणी ही अडचण भेटते. मयत माणसाचं नाव असेल तर आधी वारस नोंद आणि मगच व्यवहार.

माझ्या व्यवहारात हेच झालं. विकणारे तीन भाऊ, वडील वारलेले, त्यांनी वारस नोंदीचा अर्ज केलेला आणि मला सांगितलं की महिन्याभरात होतंय. अर्जात दोन बहिणींपैकी एकीचं नाव टाकलेलं, दुसरी लग्न होऊन लांबच्या जिल्ह्यात गेलेली म्हणून तिचं नाव घ्यायचं राहिलं. गावात चौकशी झाली तेव्हा ते निघालं, नोंद रद्द झाली, नवीन अर्ज, नवीन नोटीस, पुन्हा तीच रांग. साडेचार महिने गेले. त्या ताईंना नंतर भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही भाऊ, विचारलं असतं तर मी सही करायला आले असते." त्यामुळे विकणाऱ्यांना घरी बसवून विचारा, आजोबांपासून कागदावर वंशावळ काढा, मुली लग्न झालेल्या असोत वा नसोत त्यांची नावं त्यात हवीतच, आणि कुणी हक्क सोडतंय म्हणत असेल तर ते नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच, साध्या स्टॅम्पवरच्या सहीने चालत नाही.

दुसरं बघायचं ते सातबाऱ्याच्या इतर हक्क रकान्यातला बोजा, म्हणजे जमिनीवर नोंदलेलं कर्ज. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज पाच वर्षांपूर्वी फिटलेलं असतं पण सातबाऱ्यावर बोजा तसाच, कारण बँकेचं पत्र घेऊन कुणी गेलंच नाही. ते आधीच कमी करून घ्यायला सांगा. बोजा कमी करणं, वारस, मयताचं नाव कमी करणं, अज्ञान पालनकर्त्याचा (मालक लहान असताना लागलेला) शेरा काढणं हे अर्ज आता ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतात आणि तिथे अर्ज क्रमांक मिळतो. हातात कागद देऊन "ठेवून जा" ऐकण्यापेक्षा तो क्रमांक फार कामाचा, कारण अर्ज कुठल्या तारखेला केला हे मग कुणी नाकारू शकत नाही.

तिसरं, भोगवटादार वर्ग १ (मालकाला मोकळेपणी विकता येणारी जमीन) आहे का २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी). वर्ग २ असेल तर कसली परवानगी लागते ते तहसीलला जाऊन विचारा आणि ती हातात आल्याशिवाय विसार देऊ नका, या परवानग्यांना किती महिने लागतील ते कुणीच छातीठोक सांगत नाही. आणि तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा, म्हणजे स्वतःच्या नावाचा कुठला तरी सातबारा, तो पण आधीच काढून ठेवा.

चौथं म्हणजे प्रलंबित फेरफार. आपली चावडी नावाच्या सरकारी पोर्टलवर गाव निवडलं की त्या गावात सध्या कुठल्या फेरफारांच्या नोटिसा चालू आहेत ते दिसतं. त्याच गटावर आधीचा एखादा फेरफार अडकलेला असेल तर तुमचा त्याच्या मागे उभा राहणार. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक लोक करत नाहीत.

मोजणी

जागेवर बांधाला बांध लागून काही वाद असेल किंवा क्षेत्र पटत नसेल तर मोजणी करूनच घ्या. मोजणीचा अर्ज खातेदाराने करायचा असतो, घेणाऱ्याने नाही, म्हणून विकणाऱ्याला साठेखताच्या (खरेदीखताआधीच्या लेखी कराराच्या) आधीच अर्ज करायला लावा. अर्ज ई-मोजणीवर होतो, नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार, द्रुतगतीची फी बरीच जास्त. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २००० आणि द्रुतगतीला ८००० असा दर डिसेंबर २०२४ पासून आहे, तरी भरायच्या आधी चलनावरचा आकडा बघा.

भूकरमापक कमी आहेत हे इथे सगळ्यात जास्त जाणवतं. भूमि अभिलेखने २०२५ मध्ये भूकरमापकांच्या ९०३ जागा काढल्या यावरूनच कळतं किती जागा मोकळ्या होत्या. तारीख मिळाली की ती वाया जाऊ देऊ नका. लगतदारांना नोटिसा जातात पण तुम्ही स्वतः फोन करून त्यांना सांगा, शक्य असेल तर बांधावर जाऊन चहा घेऊन सांगा, कारण त्यांनी त्या दिवशी हरकत घेतली किंवा उसाचं उभं पीक असल्यामुळे रोव्हर (मोजणीचं यंत्र) घेऊन आत जाताच आलं नाही तर पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. ऊस तुटल्यावर किंवा सोयाबीन निघाल्यावरची तारीख मागा. मोजणी झाल्यावर नकाशाची क प्रत घ्यायला विसरू नका, हद्दीच्या खुणांचे फोटो त्याच दिवशी काढा.

साठेखतात मुदत कशी लिहायची

बरेच वाद इथून सुरू होतात. गावाकडे सवयीने "तीन महिन्यांत खरेदीखत" लिहितात. मग वारस नोंदीलाच चार महिने लागले की विकणारा म्हणतो मुदत संपली, भाव वाढलाय, आणि घेणारा म्हणतो माझे पैसे अडकलेत. दोघांचीही चूक नसते.

मुदत तारखेला बांधण्याऐवजी कामाला बांधा. म्हणजे साधारण असं, "वारस नोंदीचा फेरफार प्रमाणित झाल्याच्या तारखेपासून ४५ दिवसांत खरेदीखत करण्याचे आहे. शासकीय कार्यालयातील विलंबामुळे सदर नोंद होण्यास वेळ लागल्यास तेवढी मुदत वाढलेली समजावी, त्याबद्दल किंमत वाढणार नाही." वाक्य वकिलांकडून नीट करून घ्या पण अर्थ हाच ठेवा. पैसे पण तसेच, विसार थोडा, दुसरा हप्ता नोंद प्रमाणित झाल्यावर, मोठी रक्कम खरेदीखताच्या दिवशी. आणि एक वरची मर्यादा पण टाका, समजा एक वर्षात नोंद नाहीच झाली तर विसार परत, म्हणजे दोघं मोकळे.

बँकेचं कर्ज काढत असाल तर मंजुरीपत्राची मुदत बघा. ती संपली की बँक पुन्हा कागद मागते. मुद्रांक शुल्क पण दस्त तयार व्हायच्या आधी उगाच भरून ठेवू नका, मुद्रांक ६ महिन्यांत वापरावा लागतो.

दुय्यम निबंधकाकडे

इथे दिवस एकच असतो पण तो पूर्ण जातो. ऑनलाइन वेळ घेता येते, ती घ्या, महिन्याचे शेवटचे दिवस आणि मार्च टाळा. मार्चमध्ये गर्दी का, तर १ एप्रिलपासून रेडी रेकनरचे (मुद्रांक शुल्क ज्यावर ठरतं ते सरकारी) दर बदलायची शक्यता असते. पण दस्तावर सही झाल्यापासून ४ महिन्यांत तो नोंदणीला देता येतो, त्यामुळे मार्चमध्ये शुल्क भरून सह्या केल्या असतील तर शेवटच्या दिवशी रात्री आठपर्यंत रांगेत उभं राहायची गरज नाही, एप्रिल-मे मध्ये निवांत नोंदणी करता येते. हे ऑफिसबाहेरच्या एजंटला माहीत असतं पण सांगत नाहीत. शहरात एकाच भागासाठी अनेक कार्यालयं असतात (पुण्यात हवेली क्रमांक अमुक असे नंबर असतात), जवळचं सोडून कमी गर्दीचं बघा.

त्याआधी जी ऑनलाइन डेटा एन्ट्री होते ती सहसा वकिलाचा मुलगा किंवा कॉम्प्युटरवाला करतो आणि तुम्ही फक्त सही करता. तसं करू नका. समोर बसून गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, सगळी नावं आधार आणि सातबाऱ्याशी ताडून बघा, बोट ठेवून एकेक ओळ वाचा. ४७/२ चं ४७/२/अ झालं तर पुढे फेरफार नामंजूर होतो, मग चूक दुरुस्ती दस्त, आणि त्यासाठी विकणाऱ्या पाचही जणांना पुन्हा ऑफिसात आणायचं. आमच्यात सत्तर वर्षांच्या आजी होत्या, खुरपणी करून करून बोटांच्या रेषा झिजलेल्या, अंगठ्याचं मशीन घेतच नव्हतं. ऑपरेटरने ओल्या फडक्याने पुसून, बोटं बदलून, अर्धा तास प्रयत्न केला, मागे सतरा टोकन थांबलेली. म्हातारी माणसं असतील तर सकाळची पहिली वेळ घ्या आणि त्यांच्यासाठी पाणी, खायला काहीतरी बरोबर ठेवा, तिथे बसायला जागा नसते. कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, तसा अर्ज आणि फी असते.

कुणी भाऊ-बहीण परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्राची (त्याच्या वतीने दुसऱ्याला सही करायचा अधिकार देणाऱ्या कागदाची) तयारी सगळ्यात आधी सुरू करा, तिकडे भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणायचं आणि भारतात आल्यावर ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं.

दस्त झाला की सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) लगेच घ्या आणि तिथेच उभं राहून वाचा.

फेरफार

नोंदणीकृत खरेदीखत असेल तर तलाठ्याकडे वेगळा अर्ज करायची गरज नाही, माहिती निबंधकाकडून ऑनलाइन जाते. तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर नाव लागतं. कागदावर हे महिन्याभरात व्हायला हवं. प्रत्यक्षात तो महिना कधी चार महिने होतो. एक कारण असं की हे सगळं डिजिटल सहीच्या डोंगलवर चालतं, तलाठी बदलला किंवा चार्ज दुसऱ्याकडे गेला की नवीन माणसाची सही त्या गावाला जोडून मिळेपर्यंत काम थांबतं.

म्हणून दस्त झाल्यावर आठवड्याने आपली चावडीवर बघा की फेरफार नंबर पडला का. नसेल पडला तर सूची दोन आणि दस्ताची झेरॉक्स घेऊन तलाठ्याला भेटा, त्याचा वार विचारून. नोटिशीचे पत्ते नीट आहेत का बघा, बजावल्याच्या सह्या आल्या नाहीत तर १५ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. विकणाऱ्यांना सांगून ठेवा की नोटीस आली की सही करून घ्या. हरकत आली तर मात्र प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते, तिथे वकील घ्याच.

तलाठ्याशी बोलताना भांडू नका. "साहेब, माझ्या कागदात काही कमी आहे का, असेल तर आत्ता सांगा" एवढं विचारा. मला त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की एका विकणाऱ्याचं नाव दस्तात आजोबांच्या नावासह आहे आणि सातबाऱ्यावर तसं नाही, एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. ते मी दुसऱ्या दिवशी दिलं, नाहीतर ते त्रुटी म्हणून परत आलं असतं.

काही ठिकाणी तलाठ्याच्या टेबलाशेजारी खाजगी माणूस बसलेला असतो, लोक त्याला झिरो तलाठी म्हणतात. कामाच्या बोजामुळे अशी माणसं आली हे खरं, पण मूळ कागद आणि पैसे त्याच्या हातात देऊ नका. कुणी उघड पैसे मागितले तर लाचलुचपत विभागाचा १०६४ नंबर आहे.

अडलंच तर

तोंडी चकरा मारणं पहिल्या महिन्यातच बंद करा. साधा लेखी अर्ज, दोन प्रती, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आधी तलाठी, मग १५ दिवसांनी मंडळ अधिकारी, मग तहसीलदार, प्रत्येक अर्जाला आधीच्या अर्जाची पोच जोडून. बहुतेक प्रकरणं तहसीलदारांच्या पत्राला हलतात.

तरी नाही हललं तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची आणि अपील कुणाकडे करायचं याचा फलक ऑफिसात लावणं बंधनकारक आहे, त्याचा फोटो काढा. तुमची सेवा त्यात असेल आणि मुदत उलटली असेल तर ३० दिवसांत पहिलं अपील करा, नंतर दुसरं, त्यानंतर आयोगाकडे. जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. माहितीचा अधिकार पण वापरा, १० रुपयांत, पण "का उशीर झाला" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत" आणि "सजा अमुक येथील मंजूर, भरलेली व रिक्त पदे" एवढं मागा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जपून ठेवा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा, कारण आमच्या गावात ते वाचलं गेलं तेव्हा सरपंचांनी तहसीलदारांना लेखी निवेदन दिलं आणि आठवड्याला एकाच्या जागी दोन वार मिळाले.

जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे अर्ज आधी द्यावा लागतो.

नाव लागल्यावर नवीन सातबारा, आठ अ आणि प्रमाणित फेरफाराची प्रत तिन्ही काढा, आणि क्षेत्र, आकार (म्हणजे जमिनीचा सारा), तुमच्या नावाचं स्पेलिंग त्याच दिवशी तपासा. माझ्या सातबाऱ्यावर आडनावातला एक काना राहिला होता, नवीन कागदाची शाई वाळायच्या आत दुरुस्तीचा अर्ज दिला म्हणून त्याच भाऊसाहेबांनी त्याच महिन्यात तो करून दिला.